औषध म्हणजे कुठलं औषध?

समजा, दिंडोरीचा एक द्राक्ष बागायतदार व्हिडिओ कॉलवर म्हणतो, ‘औषध घरातच असतं.’ समोर एमए होऊन सहा महिने झालेला थेरपिस्ट, नाशिकच्या कॉलेज रोडवर लॅपटॉपसमोर. तो विचारतो, ‘वेळेवर घेता ना?’ उत्तर येतं, ‘हो.’ नोट्समध्ये लिहिलं जातं : गोळ्या नियमित, धोका नाही.

दिंडोरी-निफाडच्या शिवारात औषध म्हणजे आधी फवारणीचं औषध, म्हणजे विषच, गोळ्या नंतर. ही चूक सुपरव्हायझरला, म्हणजे नव्या थेरपिस्टचं काम बघणाऱ्या अनुभवी थेरपिस्टला, नोट्स वाचून कधीच सापडणार नाही, कारण थेरपिस्टच्या कानाला जे खटकलं नाही ते कागदावर उतरतच नाही. म्हणून दूरस्थ सेवेतलं सुपरव्हिजन ‘काय झालं ते सांग’वर चालवू नये. ‘ऐकव’ म्हणावं.

आठवड्याला प्रत्येक थेरपिस्टसाठी एक तास, त्यात किमान दहा मिनिटं त्याच्या सेशनचं रेकॉर्डिंग. कुठली दहा, हे एका आठवड्यात त्यानं ठरवायचं, पुढच्या आठवड्यात सुपरव्हायझर म्हणून तुम्ही. निवड त्याच्याकडेच ठेवली तर छान जमलेलेच तुकडे ऐकायला मिळतात. काही सुचलं नाही तर शेवट ऐका. ‘चला, ठेवतो मग’ म्हणण्याआधीच्या दोन मिनिटांत क्लायंट खरं काय ते बोलून जातो आणि नवा थेरपिस्ट तेव्हा पुढची तारीख ठरवत असतो. रेकॉर्डिंगसाठी संमती वेगळी घ्यायची, ऐकून झालं की फाइल पुसायची तारीख आधीच ठरवायची आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर कधीही पाठवायची नाही. क्लायंटनं नकार दिला तर सेशन संपल्या संपल्या दहा मिनिटांचा संवाद आठवेल तसा शब्दशः लिहून काढायचा. त्यात गाळलेलं सापडत नाही, पण गोषवाऱ्यापेक्षा बरं.

ऐकताना पहिल्यांदा शांतता मोजा, घड्याळ लावून. नेट अडखळत असलं की नवखा थेरपिस्ट दोन सेकंदांत घाबरून पुढचा प्रश्न टाकतो आणि क्लायंटचं तोंडाशी आलेलं वाक्य मागे जातं. पहिल्याच सेशनला सांगून टाकायचं : ‘मी गप्प असेन तेव्हा ऐकतोय असं समजा.’ आणखी एक तांत्रिक भानगड : क्लायंट स्पीकरवर असेल तर आपल्या प्रत्येक ‘हं, हं’नं त्याचा आवाज तुटू शकतो. हेडफोन लावायला सांगा, हुंकार कमी करा.

मग प्रश्नांची धाटणी. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजायच्या नऊ प्रश्नांच्या यादीतला नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. फोनवर तो हमखास असा विचारला जातो : ‘तसे काही विचार येत नाहीत ना?’ या ‘ना’नंतर कोण ‘येतात’ म्हणेल? प्रश्न छापलाय तसाच, न पुटपुटता वाचायचा. २७ पैकी बेरीज ८ असली तरी नवव्याला १ मिळाला की तिथंच थांबून सविस्तर विचारायचं. बेरजेकडे बघून सुटकेचा श्वास टाकायची सवय पहिल्या महिन्यातच मोडावी लागते.

सेशनची पहिली दोन मिनिटं पाठ व्हायला हवीत. आत्ता कुठे आहात? फॉर्मवरचा पत्ता आधार कार्डाचा असतो आणि माणूस सातपूरच्या खोलीवर. मळ्यात असेल तर कुणाचा मळा, कुठल्या रस्त्याला, हे लिहून घ्यायचं. आवाज कुणाला ऐकू जातोय? कॉल तुटला तर थेरपिस्टच परत लावणार, तीनदा. मग दुसऱ्या कुणाचा तरी नंबर, आणि त्या माणसाला नेमकं काय सांगायचं तेही क्लायंटला विचारून ठरलेलं. सासूबाई खोलीत आल्या तर ‘भाजी लावायचीय’ असं एखादं वाक्य ठरवून ठेवायचं. ते ऐकलं की विषय बदलायचा.

धोका दिसला तर नियम एकच : थेरपिस्ट एकटा निर्णय घेत नाही. त्यानं क्लायंटला लाइनवर धरायचं, बाकीचे फोन दुसऱ्यानं करायचे. म्हणजे संध्याकाळी सात ते नऊ सगळ्यांची सेशन्स असतील तर त्या वेळात सुपरव्हायझर किंवा बदली माणूस फोनपाशीच हवा. ११२ आणि १०८ सगळ्यांना माहीत असतात. पण सुरगाण्यासारख्या सीमेवरच्या तालुक्यात फोन गुजरातच्या टॉवरवर असू शकतो, कॉल तिकडेच लागू शकतो, हे धरून चालायचं आणि त्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाचा, पोलीस ठाण्याचा थेट नंबर क्लायंटच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठेवायचा. थेरपिस्ट सेशनमध्ये नसेल तेव्हासाठी क्लायंटकडे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ असावा. तो चोवीस तास चालतो.

सुरक्षा आराखड्यात, म्हणजे धोक्याच्या वेळी काय करायचं ते क्लायंटसोबत लिहून ठेवतात त्यात, ‘औषध कुलपात ठेवा’ लिहून नवे थेरपिस्ट मोकळे होतात. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी सतत चालू असते, कुलूप रोज उघडणारच. तेव्हा साठा भावाच्या मळ्यात हलवता येईल का, लागेल तेवढंच दुसरं कुणी आणून देईल का, फवारणी काही दिवस गड्यानं केली तर चालेल का, असं विचारत जायचं. आणि हे सगळं क्लायंटशी ठरवायचं, त्याच्या परस्पर घरच्यांशी नाही, तातडीचा धोका असेल ती वेळ सोडून.

बागलाण-मालेगावकडची अहिराणी, सुरगाणा-पेठची कोकणा बोली कळली नाही तरी मान डोलावणारे भरपूर. न कळलेला शब्द क्लायंटलाच विचारावा. तो बहुधा खूश होतो.

घरून काम करणाऱ्या थेरपिस्टला जड सेशननंतर चहाला सोबत कुणी नसतं. दोन सेशन्समध्ये पंधरा मिनिटं रिकामी ठेवा, सुरुवातीला दिवसाला चारच्या वर सेशन्स देऊ नका, पंधरवड्याला चार-पाच जणांची दीड तास गट बैठक घ्या. त्याच्या मनावर काय साचलंय हे विचारा, पण तुम्ही त्याचे थेरपिस्ट होऊ नका. उलट टोक म्हणजे किती सेशन्स झाली, किती रद्द झाली एवढंच विचारणारे सुपरव्हायझर. ते काम एक्सेल शीटही करते.

नोट्सच्या नमुन्यात शेवटी एक रकाना घाला : ‘आज काय विचारायचं राहिलं?’ पहिला महिना तो रिकामाच येईल. ज्या सेशनचा रिकामा आलाय, त्याचं रेकॉर्डिंग आधी ऐका.