बैठकीतले एकवीस पट्टे

गाण्याच्या बैठकीत काढलेल्या चारशे बारा फ्रेम. त्यातल्या धड अडतीस. बाकी सगळ्यांवर आडवे पट्टे, जणू गायिकेचे फोटो मी चिकाच्या पडद्याआडून काढलेत.

मागच्या नोंदीत मी तोऱ्यात लिहिलं होतं की पक्ष्यांना सोनी, बैठकीला फूजी, विषय संपला. तर मंडळी, विषय संपलेला नाही. गेले तीन आठवडे मी भिंतींचे, ट्यूबलाइटचे आणि एकदा चक्क फ्रिजच्या दाराचे फोटो काढतेय. आईने परवा शेजारच्या काकूंना सांगितलं, "तिचं काहीतरी संशोधन चाललंय." ह्यापेक्षा सभ्य शब्द तिला सुचला नसावा.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. माझ्याकडे सोनी ए६००० आणि फूजी एक्स-टी१ असे दोन कॅमेरे आहेत. दोन्ही २०१४च्या सुरुवातीचे, दोन्ही एपीएस-सी (म्हणजे सेन्सरचा आकार सारखाच), दोन्ही सेकंडहँड. सोनी २४ मेगापिक्सेल, फूजी १६. सोनीवर ५५-२१० मिमीची झूम लेन्स, फूजीवर ३५ मिमी एफ १.४. म्हणजे तुलना मुळातच विषम आहे, हे मान्य. मागच्या वेळी त्यावरून बोलणी खाऊन झालीत.

फूजी बैठकीला का, तर आवाजासाठी. ए६०००मध्ये मूक शटर नाही. इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन (शटरचा पहिला पडदा न हलवता फोटो सुरू करायची सोय) चालू ठेवला तरी शेवटी पडदा पडतोच, आणि ऐंशी माणसांच्या हॉलमध्ये विलंबित ख्याल चालू असताना तो 'खटॅक' मागच्या भिंतीपर्यंत जातो. डिसेंबरमधल्या बैठकीत पुढच्या रांगेतले एक आजोबा माझ्याकडे असे वळून बघत होते की मी पुढचा पाऊण तास कॅमेरा मांडीवर ठेवून गाणंच ऐकलं. (गाणं उत्तम झालं, तेवढाच फायदा.) एक्स-टी१ला २०१४च्या डिसेंबरात आलेल्या फर्मवेअर ३ने इलेक्ट्रॉनिक शटर मिळालं. पूर्ण मुका. म्हटलं, झालं काम.

पण हॉलवाल्यांनी मधल्या काळात जुने हॅलोजन काढून एलईडीचे 'पार' (स्टेजवरचे डब्यासारखे दिवे) लावलेत.

हॅलोजनची तार तापलेली असते. मेन्सचा करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर आला तरी तेवढ्यात ती थंड पडत नाही, उजेड जवळजवळ सलग राहतो. एलईडीला असली ऊब नाही. करंट आला की पेटला, गेला की विझला. डोळ्यांना कळत नाही. यांत्रिक शटरलाही मंद वेगात फारसं कळत नाही, कारण तिथे अख्खी फ्रेम एकदम उघडी असते. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सेन्सर वरून खाली एकेक ओळ करत वाचतं. एका ओळीच्या वाट्याला दिवा पेटलेला असताना वेळ येतो, पुढच्या ओळीच्या वाट्याला विझलेला असताना. तेच हे पट्टे.

एवढं मला आधीही माहीत होतं, म्हणून तयारीने गेले होते. न्यू जर्सीतला मित्र तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकांचे फोटो काढतो. त्याने छातीठोकपणे सांगितलं, "१/६० लाव, एक पट्टा दिसणार नाही." मी शटरचा वेग १/६० सेकंद लावला. पट्टे. मध्यंतरात डोक्यात प्रकाश पडला: त्याच्याकडे वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०ची. तिथला दिवा सेकंदाला १२० वेळा लुकलुकतो, १/६०मध्ये बरोब्बर दोन फेऱ्या बसतात. इथे १०० वेळा, म्हणजे १/१०० किंवा १/५० हवा. मध्यंतरानंतर १/१०० लावला, अगदी निर्धास्तपणे. व्ह्यूफाइंडरमध्ये पट्टे सरकत होते, पण त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. तिथलं चित्र वेगळ्या तऱ्हेने वाचलेलं असतं. घरी येऊन कार्ड उघडलं तर १/१००लाही पट्टे, आणि १/६०पेक्षा जास्त ठसठशीत.

इथे मी खरंच हताश झाले. कारण १/१०० हा आपल्याकडचा रामबाण. कुणालाही विचारा, हेच सांगेल.

मग त्या अडतीस फ्रेमकडे लक्ष गेलं. सगळ्या सलग, भैरवीच्या आधीच्या. एक्सिफ (फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेली माहिती) बघितला तर सगळ्या १/१६०च्या. मी तर १/१६० लावलाच नव्हता! एक्स-टी१च्या शटर डायलवर १२५ आहे, त्याच्यापुढे थेट १८०. मधले आकडे बोटाखालच्या चाकाने मिळतात: डायल १२५वर ठेवून एका बाजूला १/१०० आणि १/८०, दुसऱ्या बाजूला १/१६० आणि १/२००. बॅटरी बदलताना अंगठा चाकावर घासला असणार. पण जो वेग कुठल्याच हिशेबात बसत नाही तोच स्वच्छ कसा?

इथून भिंतींचे फोटो सुरू झाले.

पायरी एक. घरात चोकवाली जुनी ट्यूब शोधली. आमच्या माळ्यावर एक निघाली, स्टार्टरसकट. ती मेन्सच्या तालावर सेकंदाला शंभरदा लुकलुकते, त्यात शंका नाही. नवे एलईडी बल्ब ह्या कामाला घेऊ नका. बऱ्या कंपनीच्या बल्बमध्ये ड्रायव्हर (करंट सलग ठेवणारं सर्किट) चांगला असतो, पट्टेच येत नाहीत, आणि आपण उगाच खूश होतो. पांढरी भिंत, इलेक्ट्रॉनिक शटर, १/२०००. वेग जितका जास्त तितके पट्टे कोरीव. मोजले तर साडेसहा. प्रत्येक पट्टा म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, तेव्हा माझ्या कॅमेऱ्याला अख्खी फ्रेम वाचायला साधारण ६५ मिलिसेकंद लागतात. मापन बाळबोध आहे, पण पाच वेळा केलं आणि पाचही वेळा आकडा तोच आला.

पायरी दोन. बैठकीच्या फोटोंतले पट्टे मोजले. एकवीस. साडेसहा नव्हे, एकवीस! म्हणजे हा मेन्सचा खेळच नव्हे. ६५ मिलिसेकंदांत एकवीस, म्हणजे सेकंदाला सुमारे ३२०. हा डिमरचा ताल. बरेच एलईडी मंद करताना करंट कमी करत नाहीत, भराभरा चालू-बंद करतात. चालूचा काळ कमी केला की डोळ्यांना उजेड मंद वाटतो.

आता हिशेब मांडा. १/१०० सेकंदात ३२०च्या तालाचे ३.२ झोत बसतात. अर्धा झोत मिळत नाही, त्यामुळे काही ओळींना तीन झोत, काहींना चार. झाला पट्टा. १/१२५ला २.५६, म्हणजे दोन किंवा तीन, आणखी वाईट. १/६०ला पाच किंवा सहा, म्हणून तिथे पट्टे फिके. आणि १/१६०ला? बरोब्बर दोन. प्रत्येक ओळीला दोनच. १/८०ला चार.

हे कागदावर उतरलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि मी स्वयंपाकघरात उभ्याने चिवडा खात होते. असा आनंद मला लेन्स घेतानाही झाला नव्हता.

म्हणून सांगते, हॉलमध्ये गेल्यावर आधी मागची भिंत १/२०००ने टिपा, पट्टे मोजा, ताल काढा आणि मगच वेग ठरवा. १/१००ची पोथी बंद करून ठेवा. फूजीच असली पाहिजे असंही नाही, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक शटरला हे चालेल. फक्त तुमच्या कॅमेऱ्याचे ६५च्या जागी किती मिलिसेकंद, ते एकदा मोजावं लागेल. नवे महागडे कॅमेरे पटकन वाचतात, त्यांना पट्टे कमी. पण इथे बहुतेकांची झोळी माझ्यासारखीच आहे.

बाद फोटोंतही एक गंमत सापडली. कॅमेरा उभा धरला की पट्टेही उभे होतात, आणि मागे गडद पडदा असेल तर ते पडद्याच्या चुण्यांसारखे दिसतात. अशा अकरा फ्रेम मी कचऱ्यातून परत काढल्या. त्यातली तानपुऱ्याची एक तर मोठी छापून घेणार आहे. चेहऱ्यावर पट्टा नाही ना, एवढं बघायचं.

तबलजींच्या बाबतीत मात्र काही इलाज नाही. ६५ मिलिसेकंद हा द्रुतमध्ये फार मोठा काळ आहे. फ्रेम वरून खाली वाचून होईपर्यंत हात हललेला असतो. एका फोटोत त्यांचं मनगट इलायची केळ्यासारखं वाकलंय. पाठवला नाही त्यांना.

रंगांबद्दल एक वाक्य: आयएसओ ३२०० आणि वर फूजीचे जेपेग चेहरे मेणाचे करतात, रॉ (कॅमेऱ्याने न रंगवलेली मूळ फाइल) काढा.

हे लिहायला घेतलं तेव्हा इतकंच सांगायचं होतं. पण रविवारी त्याच हॉलमध्ये एका क्लासची तालीम होती, तिथे १/१६०ची खात्री करायला गेले. खात्री झाली, अगदी गुळगुळीत फ्रेम. लाइटवाला पोरगा माझं भिंतीचे फोटो काढणं बघत होता. म्हणाला, "ताई, फुल्ल करून बघू का?" आणि डिमर पूर्ण वर नेला. पट्टे गायब! १/१६०लाच नव्हे, १/५००लासुद्धा. साहजिक आहे. पूर्ण उजेडात दिव्याला मधेमधे विझायची गरजच नाही. तीन आठवड्यांच्या माझ्या संशोधनाला त्याने एका बोटाने उत्तर दिलं.

अडचण अशी की फुल्ल दिवा गाणाऱ्यांच्या डोळ्यांवर येतो. क्लासच्या बाई लगेच म्हणाल्या, "अरे, हे काय ऑपरेशन थिएटर आहे का?" मग तो म्हणाला, पूर्वी हॅलोजनसमोर जिलेटिन (दिव्यासमोर लावायचा पारदर्शक रंगीत कागद) लावायचो. तेव्हा आता नवा बेत असा: दिवे फुल्ल आणि समोर ट्रेसिंग पेपरचे दोन थर. ह्या एलईडीचा पुढचा भाग हॅलोजनसारखा तापत नाही, हात लावून बघितला. उद्या अप्पा बळवंत चौकातून रोल आणते. उजेडही मऊ पडेल, सावल्या कमी होतील. जमलं तर १/१६०चा पाढा फक्त परक्या हॉलसाठी ठेवायचा.

सोनीची बाजू थोडक्यात, कारण तिथे भांडण नाही. फेब्रुवारीत भिगवणला गेले होते. उजनीच्या पाण्यावर सकाळी सातला होडी, रोहित लांब होते, पण नदी सुरय डोक्यावरून जात होते. सेकंदाला अकरा फ्रेम आणि फोकस चिकटून. कवड्या खंड्या हवेत थांबून सुळकन खाली आला, त्या झेपेच्या सात फ्रेम मिळाल्या, पाच तीक्ष्ण. त्यानंतर कार्डवर लिहून होईपर्यंत कॅमेरा मौनात जातो, तेवढ्यात दुसरा खंड्या मासा घेऊन गेला. व्ह्यूफाइंडरची सवय मात्र फूजीने बिघडवली आहे. त्या मोठ्या खिडकीतून बघून सोनीत डोळा घातला की दाराच्या पीपहोलमधून बघितल्यासारखं वाटतं. आणि बॅटऱ्या: ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त जोड्या घेऊ नका. माझी एक ६०% दाखवत दाखवत होडीतच मेली, घरी येऊन बघते तर पोट फुगलेलं. मूळ कंपनीची जुनी, निम्मी उतरलेली बॅटरीही ह्यापेक्षा बरी.

ट्रेसिंग पेपरवर पूर्ण भरवसा नाही म्हणून दुसरी तयारीही चालू आहे. तालमीतच सुचलेली. द्रुतमध्ये फूजी हात वाकवते, सोनी वाकवत नाही, पण वाजते. मग वाजू दे की, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर! मैत्रिणीची ५० एफ १.८ लेन्स मागून आणली, सोनीला लावली आणि द्रुत तीनतालात समेच्या थापेबरोबर बटण दाबायला सुरुवात केली. पहिली काही आवर्तनं चुकली, कारण थाप ऐकून दाबलं की उशीर होतो, थोडं आधी दाबावं लागतं. मग जमलं. थाप आणि खटॅक एकात एक. शेजारी बसलेल्या मुलीला विचारलं, ऐकू आलं का? म्हणाली, "काय?"

एकदाच गडबड झाली. मात्रा मोजण्यात घोळ होऊन नवव्या मात्रेवर दाबलं, म्हणजे तीनतालाच्या 'खाली'च्या जागी. तिथे डग्गा गप्प असतो. खटॅक असा स्वच्छ वाजला की तबलजींनी न थांबता, मान वर न करता सांगितलं, "ताई, आठ मात्रा उशीर."