शेरू नेमका उजवाच कान का पकडायचा

पप्पी चावतंय हो, काहीतरी करा, असे फोन मला सारखे येतात. डॉग ट्रेनिंगचं काम करते म्हटल्यावर ते आलंच. नेरुळच्या काकूंचा फोन मात्र जरा वेगळा होता. त्या म्हणाल्या, "अगं, नवीन पिल्लू म्हाताऱ्याला चावतंय आणि आता म्हातारापण अंगावर जायला लागलाय, दोघांतलं एक कुणालातरी देऊन टाकू असं हे म्हणतायत." हे म्हणजे काका. म्हातारा म्हणजे बंड्या, नऊ वर्षांचा डॅशहंड, लांबुळका, जमिनीला टेकल्यासारखा. आणि पिल्लू म्हणजे शेरू, साडेतीन महिन्यांचं लॅब, म्हणजे लॅब्राडोर, जे आत्ताच बंड्यापेक्षा उंच आणि वजनानेपण पुढे गेलेलं.

भर जुलै होता, ऐरोलीहून पनवेल गाडी पकडून नेरुळला उतरले तेव्हा छत्री असून नसल्यासारखी होती. सिडकोची जुनी बिल्डिंग, छोटा हॉल, मोठा सोफा, आणि मधे दोन कुत्रे. मी कुठल्याही घरी गेले की आधी बराच वेळ काहीच करत नाही, चहा पिते आणि बघते. लोकांना वाटतं ही बाई नुसती बसायचे पैसे घेते, काकांच्या चेहऱ्यावर तर ते स्पष्ट दिसत होतं, पण कुत्र्यांना आपल्याकडे दुर्लक्ष करायला वेळ दिल्याशिवाय खरं काही दिसत नाही.

तर दिसलं ते असं. शेरू यायचा, बंड्या तोंड दुसरीकडे फिरवायचा. शेरू अजून जवळ यायचा, बंड्या ओठ चाटायचा, जांभई द्यायचा (झोप आलेली नसते हो, ते "लांब रहा" म्हणणं असतं), मग ताठ व्हायचा आणि मग गुरगुरायचा. एवढं सगळं सभ्यपणे सांगून झाल्यावर किचनमधून काकू ओरडायच्या, "बंड्या, गप!" आणि दोन सेकंदांनी शेरूला गुंडाळलेल्या पेपरचा फटका. म्हणजे बोलणाऱ्यालापण शिक्षा आणि ऐकणाऱ्यालापण. गुरगुरणं ही कुत्र्याची नोटीस आहे, ती द्यायलाच बंदी केली तर पुढच्या वेळी तो नोटीस न देता डायरेक्ट चावतो. काकूंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अगं पण तो वयाने मोठा ना, त्याने समजून घ्यायला नको का?" आता यावर काय बोलणार. घरोघरी थोरल्या मुलांना हेच ऐकावं लागतं.

पण मला खटकत होतं ते वेगळंच. पिल्लू खेळायला म्हणून चावतं तेव्हा उड्या मारत येतं, पुढचे पाय वाकवून ढुंगण वर करतं, शेपूट पाय मान जे हाताला लागेल ते पकडतं. शेरू शेपटीला तसंच करत होता. कानाचं मात्र वेगळं होतं, तिथे तो चालत यायचा, हळू व्हायचा, नाक लावून हुंगायचा, मग चाटायचा आणि मग दातात धरायचा. आणि प्रत्येक वेळी उजवाच कान. बंड्या उजवी बाजू भिंतीला लावून बसला होता तरी हा पठ्ठ्या भिंत आणि बंड्या यांच्या फटीत नाक खुपसत होता, डावा कान समोर लोंबत होता त्याला विचारलंसुद्धा नाही! मी मोबाईलवर व्हिडिओ काढला, स्लो करून बघितला, तेच.

काकांना म्हटलं बंड्याला जरा मांडीजवळ धरा, आणि बाजूने बसून हळूच कानाची पाळी उचलली. आत लालभडक, चॉकलेटी चिकट घाण, आणि आंबूस कुबट असा वास की काकांनीच मान मागे घेतली. बंड्या कुईं करून डोकं झटकायला लागला. मला एवढं नाक लावून कळलं तर त्या पिल्लाला हॉलच्या दुसऱ्या टोकाहून कळत असणार. दुखऱ्या, पाझरणाऱ्या कानाकडे दुसरे कुत्रे असे ओढले जातात, हे मी आधीपण पाहिलंय.

काकू म्हणाल्या, "मी तर दर रविवारी आंघोळ झाली की कानात कोमट तेल घालते." लोंबत्या कानात आधीच हवा जात नाही, त्यात आपल्याकडचा पावसाळा, आंघोळीचं पाणी राहिलेलं, वर तेल. औषध मी देत नाही, ते माझं काम नाही, त्यामुळे ट्रेनिंग तिथेच थांबवलं आणि रिक्षा करून सगळे जवळच्या व्हेटकडे. शेरूला नातीबरोबर घरी ठेवलं. डॉक्टरांनी दुर्बिणीसारखं ते यंत्र घालून पडदा शाबूत आहे ना बघितलं, कापसाच्या काडीवर घाण घेतली, काचेवर पुसली, रंग टाकून मायक्रोस्कोपखाली धरली. यीस्ट, म्हणजे बुरशी. कान साफ करून ड्रॉप्स दिले, तेल बंद, आणि घरी कानात काडी घालायची नाही अशी सक्त ताकीद. शिवाय त्यांनी बंड्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, डॅशहंडच्या मणक्यातल्या गाद्या सरकायची भीती असते, हे लॅब त्याच्यावर उड्या मारतंय ते आधी थांबवा. बिल्डिंगमधले लोक काकूंना सांगत होते की भांडू द्या, आपसात बघून घेतील. सारख्या वजनाचे, धडधाकट कुत्रे असते तर गोष्ट वेगळी. इथे एका उडीत म्हाताऱ्याचे मागचे पाय जाऊ शकतात.

आता कान बरा झाला की सगळं मिटलं असं काही झालं नाही. शेरूला त्यांच्या मुलाने ओळखीतून आणलं तेव्हा तो पाच आठवड्यांचा होता. कुत्र्यांच्या विक्रीचे 2017 चे सरकारी नियम आहेत, त्यांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि त्याला कारण आहे, किती जोरात चावलं की समोरचा खेळ सोडून जातो हे पिल्लं भावंडांतच शिकतात. शेरूचा तो वर्ग बुडाला. त्यात दात पडायचं वय, दुधाचे 28 जाऊन मोठे 42 येणार, हिरड्या शिवशिवतात. काकूंना झाडताना सोफ्याखाली तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला तर त्या घाबरून गेल्या की बंड्याने मारून पाडला!

मग मी सांगितलं ते असं की कान बरा होईपर्यंत दोघं एकत्र फक्त कुणीतरी समोर बसलेलं असताना. शेरूला घरातपण हलका पट्टा, म्हणजे गुरगुर ऐकू आली की ओरडाआरडा न करता त्याला शांतपणे बाजूला न्यायचं, अर्धा मिनिट थांबायचं, परत सोडायचं, परत गेला तर परत. पेपर फक्त वाचायला. तोंडात द्यायला फ्रीजरमधलं गाजर. बेडरूमच्या दाराला लहान मुलांचं असतं तसं गेट, आत बंड्याचं पाणी, अंथरूण, आणि फरशीवर जुनी सतरंजी कारण टाइल्सवर दोघंही घसरत होते. जेवण वेगवेगळ्या खोलीत.

आणि झोप! हे कुणालाच पटत नाही. या वयाच्या पिल्लाला दिवसाचे अठरा तास तरी झोप लागते आणि शेरूला ती मिळतच नव्हती, दिवसभर बेल, कुरियर, शेजारची मुलं. त्यामुळे संध्याकाळी सातला नात क्लासवरून आली आणि टीव्ही लागला की साहेब पिसाळल्यासारखे हॉलभर गोल गोल पळायचे आणि सगळ्यात जास्त चावे तेव्हाच. काकू म्हणायच्या अंगात मस्ती फार आहे, अजून फिरवून आणते. मी म्हटलं काकू, उलट झोपवा. दुपारी आणि पाचला अंधाऱ्या खोलीत, पंखा लावून, हाडूक देऊन बंद. पहिले काही दिवस रडला, काकांचा जीव खालीवर, पण नंतर स्वतःच जाऊन पडायला लागला.

कान बरा झाल्यावर शेरूने त्या कानाचा नाद सोडला, अगदी सोडलाच. शेपटीचा सोडायला बराच जास्त वेळ लागला. बंड्या आता एकदा गुरगुरतो आणि शेरू मान फिरवून खेळणं आणायला जातो, बहुतेक वेळा. बंड्याला तो आवडतो असं मात्र मी म्हणणार नाही, एका सोफ्याच्या दोन टोकांना बसतात एवढंच, आणि मला विचाराल तर तेवढं पुरे आहे. काकूंचा आता नवीन प्रश्न आहे, शेरू काकांची चप्पल खातो पण फक्त डाव्या पायाची, सध्या तिसरा जोड चालू आहे. शनिवारी जाऊन बघते.