मुका मार

हे सगळं तिला विचारूनच लिहितेय. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. ती आमची शेजारीण. कृष्णवर्णीय, इथेच जन्मलेली, शाळेची बस चालवते. त्या जानेवारीत रात्री साडेअकराला ती लेकीला कडेवर घेऊन आमच्या दारात आली. पायात नुसते मोजे होते. नवऱ्याने तिचा गळा दाबला होता.

पोलिस आमच्याच हॉलमध्ये आले. टॉर्च मारून मान पाहिली आणि म्हणाले, खुणा दिसत नाहीत. नवऱ्याच्या मनगटावर मात्र तिच्या नखांचे ओरखडे होते, ते लगेच दिसले. मग प्रश्नांचा रोख तिच्याकडेच वळला. आवाज घोगरा झाला होता, म्हणून ती जोर लावून बोलत होती; तर तिलाच शांत व्हायला सांगितलं. आपण काळंनिळं पडणं म्हणतो ना, ते तिच्या कातडीवर टॉर्चच्या उजेडात दिसणार कसं?

आपल्याकडे याला मुका मार म्हणतात. नंतर कळलं की न्यू जर्सीच्या १९९१च्या कायद्यालाही तो मान्य आहे. इजेची चिन्हं म्हणजे नुसती खूण नव्हे, दुखणंसुद्धा त्यात धरावं, असं त्यात लिहिलंय. प्रतिकार म्हणून ओरखडे काढणारीला आरोपी धरू नये, हेही आहे. त्या रात्री मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी एकच वाक्य धरून बसले, "तिला गिळता येत नाहीये."

निघताना त्यांनी हक्कांचा छापील कागद दिला, तो कायद्याने द्यावाच लागतो. कोर्ट बंद असलं तरी पोलिस ठाण्यातून अर्ज करता येतो, हे त्यावरच वाचलं. ठाण्यात न्यायाधीशांनी फोनवर तिचं म्हणणं ऐकलं आणि पहाटे तात्पुरता संरक्षण आदेश हातात पडला. फी नाही. इमिग्रेशनचे कागदही लागत नाहीत. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागे, आलेल्या आपल्या मुलींनी हे लक्षात ठेवावं.

तिथून थेट इमर्जन्सीत गेलो. तिथल्या नर्सने मानेआधी डोळे पाहिले. पांढऱ्या भागात रक्ताचे बारीक ठिपके होते. तिने ते, घोगरा आवाज, गिळताना होणारा त्रास, सगळं नोंदवलं. पुढे हाच कागद कामाला आला.

दोन वर्षं पोलिसांना का बोलावलं नाहीस, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, पोलिस दारात आले की आमच्या घरातला कोण मरेल याचा नेम नसतो. मग तिने मरिसा अलेक्झांडरचं नाव घेतलं. फ्लोरिडातली ही कृष्णवर्णीय बाई. नवऱ्याविरुद्ध तिच्याकडे कोर्टाचा आदेश होता, तिने झाडलेली गोळी कुणालाच लागली नव्हती, तरी २०१२ साली तिला २० वर्षांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी ती रद्द झाली, पण २०१५पर्यंत खटला सुटला नाही. हे ठाऊक असलेली बाई फोन उचलायला कचरणारच. सरकारच्या २०१०च्या पाहणीत सुमारे ४४ टक्के कृष्णवर्णीय स्त्रियांनी जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसल्याचं सांगितलं होतं.

अंतिम सुनावणी दहा दिवसांत असते. कोर्ट वकील देत नाही. मोफत सल्ला देणाऱ्या वकीलबाईंनी पहिलाच अर्ज वाचून विचारलं, "आधीचे प्रसंग कुठायत?" घाबरलेल्या अवस्थेत तिने फक्त त्या रात्रीचं सांगितलं होतं. अर्ज दुरुस्त करून आधीचे चार प्रसंग घातले. हे राहिलं असतं तर सुनावणीत अडलं असतं.

न्यू ब्रन्सविकच्या कोर्टात न्यायाधीश दोन गोष्टी बघतात: घडलं का, आणि पुढे संरक्षणाची गरज आहे का. चाळीस मिनिटं ती उभी राहून बोलली, आवाज अजून बसलेलाच. आदेश मिळाला. इथे अंतिम आदेशाला मुदत नसते.

तिने त्याच्या पाच प्रती काढल्या. एक बसच्या डेपोत, एक लेकीच्या शाळेत, एक गाडीत, एक तिच्या पर्समध्ये. पाचवी माझ्याकडे आहे, दाराशेजारच्या खणात.