१९६१-६२ रिप्ले: हर्शीची मॅच झाली एकदाची

मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट देतोय. फिलाडेल्फिया वॉरियर्स या एनबीएतल्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) टीमचा १९६१-६२ चा सीझन फासे-कार्डांवर पुन्हा खेळतोय हे जुन्यांना माहितीये, नव्यांसाठी एवढंच की गेम रेडिमेड नाही, कार्डं मीच कार्डशीटची कापलीत, दहा बाजूंचे दोन फासे आणि स्कोअर लांब वहीत. नऊ टीमची अख्खी लीग झेपणार नाही म्हणून फक्त वॉरियर्सच्या ८० मॅचेस. थ्री पॉइंटरचा (लांबून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट्स) कॉलम उडवला, तेव्हा एनबीएत ती रेघच नव्हती.

डोकं खाल्लं ते वॉरियर्सच्या सेंटरच्या, विल्ट चेंबरलेनच्या कार्डाने. माझा नियम असा की सलग दहा मिनिटं कोर्टवर असला की शूटिंगमधून ५ वजा, बाकी सगळ्यांना मस्त चालतो, पण हा माणूस बाकावर बसायचाच नाही हो! मॅच ४८ मिनिटांची आणि याची सरासरी ४८.५, ओव्हरटाइम धरून. अख्ख्या सीझनमध्ये आठ मिनिटं बाहेर, तीही रेफ्रीने हाकलला म्हणून. खरी सरासरी ५०.४ पॉइंट्स आणि माझ्याकडे बिचारा चाळिशीही गाठेना. शेवटी कार्डावर लाल पेनने 'थकत नाही' लिहून टाकलं. चीटिंग म्हणा हवं तर.

लेकर्स टीमच्या एल्जिन बेलरचं सोपं निघालं. तो त्या वर्षी आर्मी रिझर्व्हच्या ड्युटीवर, सुट्टी मिळेल तेव्हा येऊन खेळायचा, ४८ मॅचेस आणि सरासरी ३८.३. ८० पैकी ४८ म्हणजे ६० टक्के, मग लेकर्सच्या प्रत्येक मॅचआधी एक फासा, १ ते ६ पडलं तर साहेबांना रजा मंजूर.

आता हर्शी गावातली न्यूयॉर्क निक्सविरुद्धची मॅच, २ मार्च १९६२. रविवारी दुपारी जेवून बसलो ते चहा दोनदा गार झाला. खऱ्या मॅचमध्ये विल्टचे १००, ६३ पैकी ३६ बास्केट, आणि फ्री थ्रो ३२ पैकी २८, तेही खालून दोन्ही हातांनी टाकून, एरवी हा गडी त्यात ६१ टक्केवाला! माझ्याकडे २७ बास्केट, फ्री थ्रो २१ पैकी १३, एकूण ६७. वाईट नाही, पण १०० कुठे.

वही चाळल्यावर घोळ कळला. निक्सचा सेंटर फिल जॉर्डन त्या दिवशी नव्हताच, ते धरलं होतं, पण त्याच्या जागी विल्टला अडवणारा डॅरल इमहॉफ सहा फाउल होऊन बाहेर गेलेला, माझ्याकडे तो शेवटपर्यंत उभा. आणि चौथ्या क्वार्टरला विल्टकडे बॉल जाऊ नये म्हणून निक्स दुसऱ्यांनाच फाउल करत होते, तर बॉल परत मिळावा म्हणून वॉरियर्स निक्सना, अशा मुद्दाम केलेल्या फाउलला माझ्या नियमात जागाच नाही.

कोणी हे बसवलंय का? वेगळा फासा टाकता की पझेशन (बॉल ताब्यात येण्याच्या पाळ्या) वाढवता? सांगा, पुढच्या रविवारी परत खेळणार आहे.