माफीचा कायदा वाचताना आधी पात्रतेचं कलम बघा

अमेरिकेत बेकायदा राहणाऱ्यांना माफी द्यायची चर्चा निघाली की एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरची मंडळी हमखास विचारतात, "म्हणजे नियम पाळणारे वेडे?" हा संताप मला पूर्ण पटतो. फक्त तो निघतो घरांची छपरं घालणाऱ्या, शेतात राबणाऱ्या मजुरावर, आणि त्याचा इथे फारसा दोष नाही. नुकसान नेमकं कुठे होतं ते कायद्याच्या कलमांत सापडतं.

आधी आपली, म्हणजे एच-१बीवरच्या भारतीयांची, ग्रीन कार्डाची रांग. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. त्यातली २८.६ टक्के, म्हणजे सुमारे ४०,००० ईबी-२ या उच्चशिक्षितांच्या गटाची. एका देशाला मर्यादा ७ टक्क्यांची, त्यामुळे भारताच्या वाट्याला जेमतेम २,८००. हा आकडा कामगारांचा नसून माणसांचा आहे. नवरा-बायको आणि भारतात जन्मलेली दोन मुलं असं कुटुंब असेल तर एका नोकरीमागे चार व्हिसा नंबर खर्ची पडतात. इतर देशांनी न वापरलेले नंबर सर्वांत जुन्या प्रायॉरिटी डेटकडे (रांगेत जागा धरल्याच्या तारखेकडे) वळतात, म्हणून एखाद्या वर्षी तारीख धावते आणि मागणी वाढली की पुन्हा मागे सरकते. जून २०२५च्या व्हिसा बुलेटिनमध्ये (सरकारच्या मासिक तक्त्यात) ईबी-२ भारताची तारीख १ जानेवारी २०१३ होती, म्हणजे त्याआधी रांगेत लागलेल्यांनाच नंबर मिळत होता. देश जन्मावरून ठरतो. नाशिकला जन्मून पुढे कॅनडाचं नागरिकत्व घेतलं तरी रांग भारताचीच. जोडीदाराचा जन्म दुबईचा किंवा नैरोबीचा असेल तर मात्र त्या देशाच्या खात्यातून अर्ज करता येतो, आणि अशा घरांची वाट कित्येक वर्षांनी कमी होते.

वाट बघण्याचे नियमही कडक. एच-१बीची मुदत सहा वर्षं. आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर असून तारीख आली नसेल तर पुढे तीन-तीन वर्षांची वाढ. नोकरी गेली तर हाताशी जास्तीत जास्त ६० दिवस. आय-१४० एकदा मंजूर झाली की जुन्या कंपनीने ती मागे घेतली तरी प्रायॉरिटी डेट टिकते, पण नव्या कंपनीत पर्म (कामगार खात्याची मंजुरी) आणि आय-१४० पहिल्यापासून करावं लागतं. मुलगी २१ वर्षांची झाली की तिचा एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबीयांचा व्हिसा) संपतो. वय मोजताना आय-१४० प्रलंबित होती तेवढे दिवस वजा होतात, पण ते काही महिन्यांचे. दहा-बारा वर्षांच्या प्रतीक्षेपुढे त्यांचा काय पाड लागणार?

"मग त्यांनीही रांगेत उभं राहावं" असं म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: त्या मजुराला उभं राहायला रांगच नाही. अकुशल कामगारांसाठी कायद्यात सगळे देश मिळून वर्षाला १०,००० नंबर आहेत, तेही मालकाने अर्ज केला तर. चोरून सीमा ओलांडलेल्याने अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं तरी साधारणपणे देशात राहून त्याला ग्रीन कार्ड घेता येत नाही. त्यासाठी बाहेर पडावं लागतं. आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं की १९९६च्या कायद्याने १० वर्षं प्रवेशबंदी लागते. सूट मिळण्याची सोय आहे, पण ती सर्वांना लागू होत नाही.

आता १९८६ची माफी. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ६ नोव्हेंबर १९८६ला सही केलेल्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायम निवासी केलं. ही ग्रीन कार्डं वार्षिक कोट्यातून गेली नाहीत, त्यामुळे त्या दिवशी रांगेतल्या कोणाचा नंबर हुकला नाही. फटका मागाहून बसला. नव्याने कायदेशीर झालेल्यांनी बायका-मुलांसाठी अर्ज केले आणि ग्रीन कार्डधारकांच्या कुटुंबीयांची रांग फुगली. १९९०च्या कायद्यात त्यांच्यासाठी तीन वर्षं दरसाल ५५,००० जादा व्हिसा ठेवावे लागले, आणि तेही पुरले नाहीत.

पण मला त्या कायद्यातलं दुसरंच एक कलम अस्वस्थ करतं. १ जानेवारी १९८२च्या आधीपासून सलग बेकायदा वास्तव्य, ही मुख्य अट होती. व्हिसावर आलेल्याला दाखवून द्यावं लागे की त्याची मुदत त्या तारखेआधी संपली होती, किंवा तो बेकायदा असल्याचं सरकारला तेव्हाच माहीत होतं. दोन विद्यार्थी धरा, दोघेही १९७९मध्ये आलेले. एक १९८१मध्ये मुदत संपल्यावर तसाच राहिला, तो पात्र. दुसऱ्याने वेळेवर फॉर्म भरले, मुदत वाढवून घेतली, स्टेटस सांभाळलं, तो अपात्र. वास्तव्य सारखंच, आणि दार बंद झालं ते नियम पाळल्यामुळे.

हेच डाकामध्येही (DACA, लहानपणी आणलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी २०१२ची योजना) दिसतं. तिच्या अटी अशा: वयाच्या १६व्या वर्षाआधी आलेलं असणं, १५ जून २००७पासून देशात असणं, आणि १५ जून २०१२ला कायदेशीर स्टेटस नसणं. या शेवटच्या अटीमुळे एच-४वर वाढलेलं मूल बाहेर राहिलं. एकाच वर्गात शिकलेली दोन मुलं, दोघंही सहाव्या वर्षी आलेली, एकाला डाकाचं वर्क परमिट आणि दुसऱ्याला २१व्या वाढदिवसानंतर एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्या नाहीतर देश सोडा. २०१३मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलेल्या विधेयकात देशनिहाय मर्यादा काढणं, कुटुंबीयांना कोट्यात न मोजणं अशा चांगल्या तरतुदी होत्या, आणि माफी मिळालेल्यांना जुनी रांग संपेपर्यंत थांबावं लागणार होतं. प्रतिनिधिगृहाने त्यावर मतदानच घेतलं नाही.

यावर उत्तर अमेरिकेच्या कायद्यातच पडून आहे: रजिस्ट्री. १९२९पासूनची ही तरतूद सांगते की ठरावीक तारखेच्या आधीपासून सलग राहणारा, चांगल्या वर्तणुकीचा माणूस ग्रीन कार्ड मागू शकतो. स्टेटस होतं की नव्हतं हा प्रश्नच येत नाही, आणि ही कार्डं कोट्यात मोजली जात नाहीत. अमेरिकेच्या संसदेने, काँग्रेसने, ही तारीख वेळोवेळी पुढे आणली, शेवटची १९८६मध्ये. तेव्हापासून ती १ जानेवारी १९७२वर अडकली आहे. ती आजपासून दहा वर्षांवर आणा, म्हणजे छपरं घालणारा मजूर आणि २०१३ची प्रायॉरिटी डेट धरून बसलेली अभियंता एकाच कलमाखाली सुटतील. माझ्या मते न्याय्य माफी ती हीच.

यातूनही एक माणूस वगळला जातो, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. नियम पाळायचा म्हणून जो अमेरिकेत आलाच नाही तो. नागरिकांच्या भावंडांसाठी वर्षाला ६५,००० नंबर असतात आणि भारतीयांची प्रतीक्षा दीड तपाच्याही पुढे गेली आहे. बहिणीने अर्ज भरून ठेवलेला कोल्हापूरचा भाऊ वाट बघता बघता साठीला पोचतो. रजिस्ट्रीचा त्याला काडीचा उपयोग नाही. त्याच्यासाठी त्याच विधेयकात नंबर वाढवावे लागतील.

म्हणून नवं विधेयक आलं की बातमीचा मथळा सोडून मूळ मसुदा उघडा. पात्रतेत "बेकायदा स्टेटस" लिहिलंय की "कायम निवासी नसलेला", ते बघा. अमुक तारखेला कोणत्याही व्हिसावर कायदेशीर असलेला अपात्र, असं वाक्य बहुधा अपात्रतेच्या यादीत दडलेलं असतं. २०१३च्या विधेयकातही ते होतं. मग कोट्याचा भाग, मुलांचं वय कोणत्या दिवशी गोठतं ते, आणि शेवटी पैशाचं कलम. इमिग्रेशन खातं मुख्यतः अर्जांच्या फीवर चालतं. लाखो नवे अर्ज जुन्याच कर्मचाऱ्यांवर टाकले तर बाकीच्या फायली थांबतात. डाका सुरू झाल्यावर नागरिकांनी जोडीदारासाठी केलेले अर्ज असेच रेंगाळले होते. स्वतंत्र निधी आणि भरतीची तरतूद नसेल तर सिनेटरला पत्र लिहिताना तोच मुद्दा सर्वांत वर घ्या, कारण तुमचं आय-४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) आणि बायकोचं ईएडी (वर्क परमिट) त्याच टेबलावरून जाणार आहे.