कुणापैकी?

दुहेरी सारणी, म्हणजे एकाच तक्त्यात दोन बाजूंनी केलेली मोजणी, शिकवायला मी अकरावीला टायटॅनिकचे आकडे देते. पुस्तकातल्या चहा-कॉफीच्या उदाहरणात मुलं भागाकार करून मोकळी होतात. इथे माणसं बुडालेली असतात, म्हणून जरा थांबून वाचतात.

जहाजावर 2201 जण, वाचले 711. पहिल्या वर्गातले 325 पैकी 203, दुसऱ्यातले 285 पैकी 118, तिसऱ्यातले 706 पैकी 178, कर्मचारी 885 पैकी 212.

एका मुलीने 212 ला 711 ने भागलं. 29.8 टक्के, चौघांत सगळ्यात मोठा वाटा. "मॅडम, म्हणजे कर्मचाऱ्यांनी आधी स्वतःचाच जीव वाचवला."

माझगावचा एक मुलगा ताडकन उठला. त्याचे वडील बोटीवर इंजिन फिटर आहेत. "छेद बघ ना! 885 घे." आले 24 टक्के. पहिल्या वर्गाचे 62.5, तिसऱ्याचे 25.2. म्हणजे कर्मचारी सगळ्यांत खाली.

भागाकार दोघांचेही बरोबर. तिने काढलं ते वाचलेल्यांत कर्मचारी किती, त्याने काढलं ते कर्मचाऱ्यांत वाचले किती. आरोप करायचा तर त्या मुलाचाच आकडा लागतो. सशर्त सापेक्ष वारंवारता, म्हणजे एका ठरावीक गटापैकी किती, तिचा सगळा जीव या छेदात आहे, आणि आपल्या प्रश्नपत्रिका नुसतं 'टक्केवारी काढा' म्हणतात. कुणापैकी, ते विचारतच नाहीत. याचा मला मनापासून राग येतो.

पण मुलगी हटेना. "बायकांना आधी होड्यांत बसवलं. कर्मचाऱ्यांत बायका फक्त 23. नुसते पुरुष घेऊ." घेतले. कर्मचारी 862 पैकी 192, म्हणजे 22.3 टक्के. तिसरा वर्ग 510 पैकी 88, 17.3. दुसरा 179 पैकी 25, जेमतेम 14. एक अट वाढली आणि क्रम फिरला.

मुलगा आता हळू बोलला. "होडी वल्हवायला खलाशी लागतातच, म्हणून त्यांना बसवलं असणार. पण खाली इंजिनात होते ते? ते याच ओळीत कसे?"

टायटॅनिकच्या इंजिनिअरांपैकी एकही वाचला नाही. आमच्या सारणीत ते वल्हवणाऱ्यांबरोबर 885 मध्ये मिसळलेले. अटी वाढवत जावं तसे सारणीच्या घरांतले आकडे लहान होतात, टक्केवारी डळमळते, हे मला माहीत आहे. तरी त्याला 'इथे थांब' म्हणवेना. फळ्यावर ती ओळ फोडून डेक, इंजिन, खानपान अशी तीन रिकामी घरं काढली. आकडे ती दोघं मिळून शोधणार आहेत.