नरकासुराच्या रात्रीआधी पिल्लाला क्रेटची सवय

आमच्या गोव्यात फोंड्याला नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री कोणी झोपत नाही, वाड्यावाड्यावर नरकासुराचे पुतळे उभे, पहाटेपर्यंत डीजे आणि मग जाळताना फटाके. म्हणून यंदा पावसात ज्यांनी कुत्र्याचं पिल्लू घरी आणलंय त्यांनी क्रेटचं, म्हणजे त्याच्या झोपायच्या दारवाल्या पिंजऱ्याचं, आत्ताच मनावर घ्या. बाहेर धुमशान चालू असताना पहिल्यांदाच त्याला आत ढकललंत तर क्रेट म्हणजे भीती हे त्याच्या डोक्यात असं पक्कं बसेल की नंतर काढता नाकी नऊ येतील.

आमच्या आईने क्रेट बघितल्या बघितल्या "शी, पिंजऱ्यात कशाला गो घालतेस त्या बापड्याला" म्हणून सुरुवात केली. मी तिला एवढंच म्हटलं की हा दिवसभर सोफ्याखाली घुसून झोपतो तो काय सोफा आवडतो म्हणून? डोक्यावर छप्पर लागतं त्याला.

तर क्रेट घेताना तारेचाच घ्या, आपल्या दमट हवेत बंद प्लास्टिकचा म्हणजे आत नुसती वाफ. पिल्लू उभं राहील, वळेल, पाय पसरून झोपेल एवढी जागा पुरे, जास्त दिलीत तर एका कोपऱ्यात झोपणार आणि दुसऱ्यात शू करणार. मोठा होईल म्हणून मोठा घेतला असेल तर मध्ये पार्टिशन टाका. बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) ठेवू नका, ऊन, पावसाची झड आणि येणाजाणाऱ्यावर भुंकणं. रात्री तुमच्या खाटेशेजारी ठेवा, निदान सुरुवातीला.

दार सुरुवातीला दोरीने बांधून उघडंच ठेवायचं आणि जेवण आत द्यायचं, बास. तो स्वतःहून आत जायला लागला की खात असताना दार लावा आणि खाऊन संपायच्या आत उघडा, मग हळूहळू वेळ वाढवा. घाई करणाऱ्यांचंच फिसकटतं. गळ्यातला पट्टा आत जाताना काढायचा, तारेत अडकतो. आणि शिक्षा म्हणून कधीच आत घालायचं नाही.

रात्री कुंईकुंई केलं की बहुतेक वेळा शू लागलेली असते, लाइट न लावता, लाड न करता बाहेर न्या आणि परत आणा. पण लाळ गळते, धापा टाकतो, तारा चावतो, तर तो हट्ट नाही, खरंच घाबरलाय. दार उघडा, सवयीच्या आधीच्या टप्प्यावर परत या, नाहीच जमलं तर व्हेटशी बोला. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त शू धरू शकत नाही, त्यामुळे सगळे पणजीला ऑफिसला आणि पिल्लू संध्याकाळपर्यंत क्रेटमध्ये, असलं काही करू नका प्लीज.

ढोलताशांचं रेकॉर्डिंग आतापासूनच अगदी हळू आवाजात लावून सोबत खाऊ देत जा, न घाबरता खातोय असं दिसलं तरच आवाज थोडा वाढवा. त्या रात्री क्रेट सगळ्यात आतल्या खोलीत, तीन बाजूंनी जुनी सुती चादर, पंखा चालू (लाइट जाते, इन्व्हर्टर बघून ठेवा), दार उघडं आणि रबरी खेळण्यात भरून फ्रीझरमध्ये गोठवलेलं दही. त्याला खाटेखालीच जायचं असेल तर जाऊ दे की.

सकाळी अंगण झाडून मगच सोडा, फटाक्यांचे तुकडे आणि फोडलेलं कारीट पहिलं तोंडात घालतात ही. आणि कोणी मायेने कांदा घातलेले पोहे भरवायला आलं तर तिथेच थांबवा, कुत्र्यांना कांदा बाधतो.